सिंहमुद्रेचा कस

इ. स. १५७५ मध्ये, स्पेनच्या दुसऱ्या फिलिप राजाविरुद्ध हॉलंड प्रांताने उभारलेला मुक्तिसंग्राम ऐन भरात असताना, त्या प्रांताच्या टांकसाळीतून रुप्याचे एक नवे नाणे बाहेर पडले. त्याच्या एका अंगास ढालीमागे उभा असलेला चिलखतधारी योद्धा आणि त्या ढालीवर सिंह. दुसऱ्या अंगास मागल्या पायांवर उभा राहून पंजे उगारलेला, अखंड नाणे व्यापून राहिलेला सिंह. आणि त्या सिंहाभोवती गोलाकार कोरलेला लॅटिन लेख, ज्याचा आशय असा की, प्रभूवर भिस्त ठेवणारा ढळत नाही. ख्रिस्ती धर्मग्रंथातील १२५ व्या स्तोत्राच्या आशयावरून हा लेख घेतलेला आहे. राजाची मुखाकृती या नाण्यावर नाही. ज्या राजाविरुद्ध शस्त्र उचलले त्याचे मुख नाण्यावर कसे कोरावे, आणि ते न कोरावे तर नाण्यास जामीन कोण राहणार, हा पेच त्या प्रांताने ईश्वराचे नाव आणि आपला सिंह यांच्या साहाय्याने सोडविला. या नाण्यास तिकडे ‘लेउवेनडाल्डर’ म्हणत; आपण त्यास सिंहमुद्रा म्हणू.

आता या नाण्याच्या अंतरंगाकडे पाहावे. त्याचे वजन २७.६८ ग्रॅम, परंतु त्याच्या शंभर भागांत शुद्ध रुपे ७५ भागच. म्हणजे हाती आलेल्या नाण्यात खरे रुपे पावणेएकवीस ग्रॅमच्या आसपास. पुढे १६०६ पासून त्याच भूमीत पाडल्या जाणाऱ्या ‘रेइक्सडाल्डर’ नाण्याचे वजन २९ ग्रॅम आणि कस शंभरात ८८ भागांहून अधिक होता. साहजिकच डच व्यापारी उत्तम नाणे घरी ठेवून परदेशातील देणी सिंहमुद्रेत भागवू लागले, आणि सिंहमुद्रा तुर्की सुलतानाच्या मुलखात, भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर आणि अमेरिकेतील वसाहतींत दूरवर पसरली. छाप उथळ आणि कडा ओबडधोबड असल्यामुळे वापरून वापरून सिंहाची आयाळ झिजून जाई, तेव्हा अरब लोक त्यास कुत्र्याचे नाणे म्हणत. तरीही ते घेत. रुमानिया व बल्गेरिया या देशांच्या चलनांची सिंहवाचक नावे हा त्याच नाण्याचा वारसा आहे.

येथे धर्माची चिंता करणाऱ्या मनुष्याच्या मनात एक प्रश्न उभा राहतो, आणि तो केवळ नाणेसंग्राहकांचा प्रश्न नव्हे. ज्या धातूच्या तुकड्यावर ईश्वरावरील निष्ठेचा उच्चार कोरलेला आहे, त्या तुकड्यात चौथा हिस्सा हिणकस असावा, हे त्या उच्चाराला कमीपणा आणणारे आहे काय? श्रद्धेचे वचन आणि धातूचा कस यांचा परस्परांशी काही धर्मसंबंध आहे, की एक आत्म्याचा विषय आणि दुसरा सराफाचा, असे म्हणून दोहोंची फारकत करावी? माझे मत या फारकतीच्या विरुद्ध आहे, आणि ते मला दूर हॉलंडात जाऊन नव्हे, तर आमच्या बीड जिल्ह्याच्या मातीतच अधिक स्पष्टपणे मांडता येईल असे वाटते.

बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता तेव्हा येथील बाजारांत दोन रुपये नांदत होते: निजाम सरकारचा हाली आणि इंग्रज सरकारचा कलदार. दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा कलदार ११.६६ ग्रॅम वजनाचा, शंभरात सुमारे ९२ भाग रुप्याचा. चारमिनारच्या छापाचा हाली ११.१८ ग्रॅमचा, शंभरात सुमारे ८२ भाग रुप्याचा. सरकारी भाव १०० कलदारास ११६ हाली रुपये, १० आणे, ८ पै. म्हणजे सहा कलदारास सात हाली. ज्याला आकडेमोडीचा कंटाळा नाही त्याने गुणाकार करून पाहावा: सात हाली रुपयांतील शुद्ध रुपे आणि सहा कलदारांतील शुद्ध रुपे या दोहोंचे वजन ६४ ग्रॅमच्या आसपास येऊन मिळते. हाली रुपया हिणकस होता, परंतु तो खोटा नव्हता. त्यातील उणेपणा बट्ट्याच्या रूपाने सर्वांसमक्ष मांडलेला होता. अहमदनगर जिल्ह्याची हद्द ओलांडून माल विकणाऱ्या शेतकऱ्यापासून पेढीवरच्या गुमास्त्यापर्यंत साऱ्यांना तो ठाऊक होता, आणि जे सर्वांना ठाऊक आहे त्यात फसवणूक राहत नाही. उणे असणे हा एक गुण आहे आणि उणेपणा झाकणे हे एक कर्म आहे; धर्मशास्त्राचा अधिकार या दुसऱ्यावर चालतो, पहिल्यावर नव्हे.

हेच प्रमाण सिंहमुद्रेस लावावे. तिचा कस टांकसाळीच्या नियमांत नमूद होता. त्या देशात नाण्यांची चित्रे व भाव छापलेली पत्रके आणि पुस्तके सराफांसाठी निघत. आणि १६०९ मध्ये ॲम्स्टरडॅम नगरीने जी विनिमयपेढी स्थापन केली, तिचे मुख्य प्रयोजनच हे की, नाना छापांची झिजलेली, कातरलेली नाणी त्यांच्या खऱ्या धातुमूल्याने जमा व्हावीत. म्हणजे नाण्यावर ईश्वराचे नाव कोरणाऱ्या त्या समाजाने तराजू व कसोटीचा दगड बाजूस सारला नाही. सिंहमुद्रा पडली त्याच वर्षी, १५७५ मध्ये, अमेरिकेतील रुप्याच्या खाणींचा धनी असलेल्या फिलिप राजाने आपल्या सावकारांची देणी थोपवून धरली, आणि पुढील वर्षाच्या नोव्हेंबरात पगार न मिळालेल्या त्याच्याच सैनिकांनी अँटवर्प नगर लुटून जाळले. ज्याच्याजवळ रुपे होते त्याची पत गेली, आणि ज्यांच्याजवळ पाऊण हिस्साच रुपे होते त्यांचे नाणे शतकाहून अधिक काळ जगाच्या बाजारात चालले. धातू असूनही वचन मोडते आणि धातू उणा असूनही वचन टिकते, हे दोन्ही एकाच वर्षाच्या इतिहासात दिसावे, याचे मला फार महत्त्व वाटते.

शके १११० मध्ये ‘विवेकसिंधु’ रचणाऱ्या मुकुंदराजांची समाधी ज्या अंबेजोगाईत दाखविली जाते, त्या नगरीच्या परिसरात वाढलेल्या मनुष्याला रुप्याचा विचार करताना वेदान्तातील शुक्तिरजताचा दृष्टान्त आठवल्यावाचून राहत नाही. शिंपल्यावर रुप्याचा भास होतो, हात पुढे होतो, जवळून पाहताच ‘हे रुपे नव्हे’ असे ज्ञान होते आणि त्या ज्ञानाने भासाचा बाध होतो. आचार्यांनी सत्तेच्या तीन पायऱ्या सांगितल्या: भासापुरती असणारी प्रातिभासिक, व्यवहारात अबाधित राहणारी व्यावहारिक आणि कोणत्याही काळी बाध न पावणारी पारमार्थिक. नाण्याचे स्थान यांतील मधल्या पायरीवर आहे. त्यावरील छाप, नाव आणि लेख ही नामरूपे होत; मुशीत घातले की ती विरतात. परंतु एवढ्यावरून नाणे मिथ्या म्हणून त्याच्याविषयी उदासीन होणारा विरक्त आणि कसोटी न लावता नाणे पुढे ढकलणारा लबाड, हे दोघे व्यवहारात एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात. व्यावहारिक सत्तेलाही तिचे सत्य आहे, आणि त्या सत्याची खूण हीच की, एका हातातून दुसऱ्या हातात जाताना त्याचा बाध होऊ नये.

परंतु शुक्तिरजताचा दृष्टान्त खोट्या नाण्यास लावू गेले की, एक विलक्षण भेद समोर येतो. शिंपल्याच्या बाबतीत ज्ञान झाले की भ्रम नष्ट होतो आणि कोणाचीच हानी होत नाही. उलट ज्ञाता मुक्त होतो. खोट्या नाण्याच्या बाबतीत ज्याला ज्ञान होते तोच नागवला जातो. ज्या क्षणी हातातील रुपया बद्द वाजतो त्या क्षणी त्या मनुष्याचा रुपया बुडालेला असतो. आणि बुडालेला रुपया वसूल करण्याचा एकच मार्ग त्याच्यापुढे उघडा दिसतो, तो म्हणजे आपले ज्ञान लपवून दुसऱ्याचे अज्ञान शाबूत ठेवणे. खोटे नाणे मनुष्याला केवळ दरिद्री करीत नाही, ते जाणत्याला वंचक करते. ज्ञानाने बंधन तुटावे हा आपल्या बहुतेक दर्शनांचा गृहीत सिद्धान्त. पण येथे ज्ञान हेच पापाचे प्रवेशद्वार होते. म्हणून टांकसाळीत बसून गुपचूप कस उतरविणाऱ्या सत्तेचा अपराध खजिन्याच्या हिशेबात मावत नाही. ती आपल्या रयतेतील प्रत्येक जाणत्या मनुष्याला एका मोहात लोटते, आणि तो मोह हातोहात पुढे जात राहतो.

या अपराधाची भव्यतम आवृत्ती ज्याच्या नावे इतिहासात नोंदली आहे, त्या महंमद तुघलकाचा आमच्या बीडशी निकटचा संबंध सांगतात. या नगराचे बीड हे नाव त्याच्या काळापासूनचे अशी समजूत आहे, आणि वरंगळच्या स्वारीवरून परतताना पडलेला त्याचा दात बीडजवळ पुरून त्यावर बांधलेली कबर आजही दाखवितात. हिजरी ७३० ते ७३२ या काळात, म्हणजे १३२९ नंतरच्या दोन-तीन वर्षांत, त्याने तांब्या-पितळेची नाणी पाडून ती रुप्याच्या टंक्याच्या मोलाने चालवावी असा हुकूम केला. दिल्लीप्रमाणेच दौलताबादच्या टांकसाळीतही ती पडली. कल्पना मूर्खपणाची नव्हती. चीनमध्ये कागदी चलन त्यापूर्वीच चालत होते, आणि आज आपणही कागदाच्याच नोटा घेतो. मात्र अशा नाण्याची नक्कल करणे कोणाही कसबी कारागिराला सहज साधेल, एवढा साधा विचार झाला नाही, आणि तत्कालीन इतिहासकार बरनीच्या सांगण्याप्रमाणे घरोघरी टांकसाळी सुरू झाल्या.

परंतु माझे लक्ष वेधून घेतो तो त्या नाण्यांवरील लेख. त्यांच्या एका अंगावरील अरबी लेखाचा आशय असा की, जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो परमदयाळू ईश्वराची आज्ञा पाळतो. सिंहमुद्रेवरही ईश्वराचे नाव, येथेही ईश्वराचे नाव. मग भेद कोठे? सिंहमुद्रेचा लेख नाणे पाडणाऱ्याने स्वतःविषयी केलेले निवेदन आहे: आमची भिस्त प्रभूवर आहे आणि आम्ही ढळणार नाही. नाणे घेणाऱ्याने ते तोलून घ्यावे की न तोलता घ्यावे, याविषयी तो लेख मौन पाळतो. तुघलकाचा लेख नाणे घेणाऱ्याला उद्देशून आहे: तू हे न तोलता घे, कारण न घेणे म्हणजे ईश्वराची अवज्ञा. एका ठिकाणी ईश्वराला साक्षी ठेवून स्वतःला बांधून घेतले आहे; दुसऱ्या ठिकाणी ईश्वराचे नाव पुढे करून दुसऱ्याचा तराजू काढून घेतला आहे. धर्माच्या सर्व संस्थांत, सर्व पंथांत आणि सर्व काळी या दोन वृत्ती शेजारी शेजारी राहत आल्या आहेत, आणि वरवर पाहणाऱ्याला दोहोंच्या मुखी एकच नाम ऐकू येते.

तथापि त्या सुलतानाविषयी एक गोष्ट न सांगता पुढे जाणे हे अन्यायाचे होईल. योजना फसली असे ध्यानी येताच त्याने ती नाणी खजिन्यात परत घेतली, आणि त्यांच्या मोबदल्यात सोने व रुपे दिले. खरी-खोटी निवडीत बसण्यास अवकाशच नव्हता, म्हणून लोकांनी घरी पाडलेली नाणीही खऱ्यांबरोबर स्वीकारली गेली. परत आलेल्या तांब्याचे ढीग तुघलकाबादेत पडून होते असे बरनी लिहितो. इतिहासकार या परतफेडीची गणना त्या सुलतानाच्या वेडेपणात करतात. मला ती त्याच्या कारकीर्दीतील सर्वाधिक धार्मिक कृती वाटते. ज्या वचनासाठी त्याने ईश्वराचे नाव गहाण टाकले होते, ते नाव त्याने खजिना रिता करून सोडवून घेतले.

पुढे औरंगजेबाने गादीवर येताच नाण्यांवर कलमा छापण्याची चाल बंद केली. पवित्र वचन कोणाच्याही हाती पडावे, पायदळी यावे, हे त्यास रुचले नाही. त्या भूमिकेतील आदर समजण्याजोगा आहे. परंतु पवित्र वचनाची विटंबना धुळीने होते की खोट्या कसाने, असा प्रश्न केल्यास मी दुसऱ्याकडे बोट दाखवीन.

अंबेजोगाईच्या दासोपंतांचे चरित्र या संदर्भात पुनःपुन्हा वाचावे असे आहे. सिंहमुद्रा प्रथम पडली त्या वर्षी दासोपंत चोवीस वर्षांच्या आसपासचे होते. त्यांचा जन्म १५५१ चा आणि देहावसान १६१५ चे. परंपरा अशी सांगते की, बेदरच्या बरीदशाहीतील नारायणपेठेचे देशपांडे दिगंबरपंत यांच्याकडून सरकारी वसूल वेळेवर भरला गेला नाही, तेव्हा त्यांच्या या पुत्रास ओलीस ठेवून घेण्यात आले आणि मुदतीत रक्कम न आल्यास त्यास धर्मांतर करावे लागेल असा हुकूम झाला. मुदत भरत आली असता दत्तात्रेयाने पाडेवाराच्या, म्हणजे महार गावसेवकाच्या, वेषात येऊन सारी रक्कम दरबारात भरली. मुक्त झालेला तो मुलगा त्या पाडेवाराचा शोध घेण्यासाठीच घर सोडून निघाला; माहूर, गोदातीरीचे राक्षसभुवन अशी स्थळे करीत अंबेजोगाईस स्थिरावला, आणि गीतेवरील प्रचंड ग्रंथापासून वस्त्रावर लिहिलेल्या ‘पासोडी’तील पंचीकरणापर्यंत एवढे लेखन करून गेला की, त्याचे मोजमाप करणेही कठीण. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा याच कुळातील. तेथे विठू महार होऊन पांडुरंग बेदरच्या खजिन्यात द्रव्य भरतो आणि पावती घेतो.

या कथांकडे चमत्कार म्हणून पाहिले की त्यांतील अर्थ निसटतो. सर्वशक्तिमान ईश्वराला बेदरच्या दफ्तरातील बाकीच पुसून टाकता आली असती, किंवा ओलिसाचे बंधन एका दृष्टिक्षेपाने तोडता आले असते. त्याने तसे काही केले नाही. तो नाणी घेऊन आला, ती मोजून देण्यात आली, पोतदाराने पारखून घेतली, आणि हिशेब बेबाक झाला. आपल्या संतपरंपरेने ईश्वराला व्यवहाराच्या वर बसविले नाही, तर व्यवहाराच्या कसाला उतरविले. भक्तासाठी आलेल्या देवाचे नाणेही खणखणीत असले पाहिजे, असा या कथांचा निर्विवाद आग्रह आहे. आणि त्याने वेष घेतला तो सावकाराचा नव्हे, सरदाराचा नव्हे, तर गावचा वसूल दरबारी पोहोचविणे हे ज्याचे वंशपरंपरागत काम त्या गावसेवकाचा. ज्याच्या माथ्यावर साऱ्या गावाचे द्रव्य निःशंकपणे दिले जाई, त्यालाच देवळाची पायरी चढू दिली जात नसे. धनाच्या बाबतीत ज्याची निष्ठा निःसंशय, त्याची धर्माच्या बाबतीत सावलीही नको, हा आमच्या समाजाने शतकानुशतके चालविलेला खोटा शिक्का होय. त्यावर देवाचे नाव होते, आणि आत कस नव्हता. दासोपंत आयुष्यभर ज्याच्या शोधात फिरले त्याने त्यांना प्रथम दर्शन कोणत्या रूपात दिले, हे त्यांचे पूजन करणाऱ्यांनी तरी विसरता कामा नये.

आता पुन्हा सिंहमुद्रेच्या देशाकडे वळू. तेथील डच ईस्ट इंडिया कंपनीचा आणि मराठी मुलखाचा संबंध मुख्यतः वेंगुर्ल्याच्या वखारीमुळे. १६३७ च्या सुमारास आदिलशाहीच्या परवानगीने ती स्थापन झाली, आणि तेथून गेलेली पत्रे शिवकालाच्या इतिहासाचे एक साधन आहेत. पश्चिमेकडील रुपे मोखा बंदरामार्गे किंवा थेट जहाजांतून सुरतेस येई, आणि तेथे परकी नाणे मोगली टांकसाळीत वितळून त्याचे रुपये पाडून घेतले जात. तेथील मुशीत पडलेल्या कोणत्याही परकी मुद्रेवरील लेख, मग तो कितीही पवित्र असो, काही क्षणांत नाहीसा होई, आणि जे उरे ते त्या लेखाने न सांगितलेले सत्य असे.

१६७४ साली, शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या प्रसंगी, इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला तेव्हा तहाच्या मसुद्यात एक कलम असे होते की, इंग्रजांचे नाणे महाराजांच्या मुलखात चालावे. त्यावर मिळालेले उत्तर इंग्रजांच्या कागदपत्रांत नोंदलेले आहे. कोणाचेही नाणे चालण्यास आम्ही मनाई करीत नाही, परंतु ज्यात रयतेचा तोटा होईल ते नाणे घेण्याची सक्तीही तिच्यावर करता येणार नाही. तुमचे नाणे वजनाने आणि कसाने इतर राजांच्या नाण्याएवढे असेल तर ते आपोआप चालेल, असा त्याचा भावार्थ. नुकताच छत्र धारण केलेला, स्वतःच्या नावाने होन पाडणारा राजा हे बोलतो. रयतेच्या हातातील तराजू आपणही काढून घेऊ शकत नाही, ही जाणीव त्या उत्तरात आहे. आणि तुघलकाच्या लेखाला याहून समर्पक प्रत्युत्तर दख्खनच्या इतिहासात मला आढळत नाही.

कोणी म्हणेल, ईश्वरावरील श्रद्धा ही कसोटीच्या पलीकडची वस्तू; तिला सराफकट्ट्यावर का आणता? माझे म्हणणे असे की, श्रद्धा ज्या क्षणी दुसऱ्याकडे काही मागते, मग ते द्रव्य असो, आज्ञापालन असो किंवा केवळ विश्वास असो, त्या क्षणी ती सराफकट्ट्यावर आपण होऊनच आलेली असते. एकांतात हात जोडणाऱ्याला कोणी कस विचारू नये. परंतु नाणे पाडणारा राजा, दक्षिणा घेणारा पुरोहित, वर्गणी मागणारा मठ आणि देवाच्या नावाने मत मागणारा पुढारी यांना तो विचारलाच पाहिजे, आणि विचारणाऱ्याला नास्तिक म्हणण्याचा अधिकार त्यांपैकी कोणालाही नाही.

देवस्थानाच्या पेटीत बाजारात न चालणारे नाणे टाकण्याची चाल जुनी आहे. टाकणारा मनात म्हणतो, देवाला काय, त्याला भाव हवा; सोने आणि शिसे त्याला सारखेच. हे वाक्य पारमार्थिक दृष्टीने खरे आहे, आणि म्हणूनच त्याचा असा उपयोग होऊ शकतो. परंतु पेटी उघडल्यावर ते नाणे देवाकडे राहत नाही. पुजारी ते घेऊन नंदादीपाच्या तेलासाठी पेठेत जातो, तेली ते घासून पाहतो, आणि एक तर त्या दिवशी तेल मिळत नाही, किंवा तेल्याचा तोटा होतो.